इथून पुढे एक तास

मुलाच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नाही असं ठरवलं नव्हतं. मी सहसा काही ठरवत नाही. पत्र आधी टेबलावर होतं, मग शब्दकोशाखाली गेलं, मग शब्दकोशाच्या आत, आणि बघता बघता उन्हाळा सरला. खरं सांगायचं तर धक्का मजकुराचा नव्हता, ते पोस्टानं आलं याचा होता. मुलगा याच शहरात राहतो, बसनं फार लांब नाही. दर रविवारी फोन करतो, मी "बरा आहे" म्हणतो, तो "बरं" म्हणतो, आणि दोघंही सुटतो. अशा माणसानं पाकीट विकत आणावं, तिकीट चिकटवावं, मी कुणी परका असल्यासारखा माझा पूर्ण पत्ता लिहावा. दाराच्या फटीतून आत सरकलेलं पाकीट उचललं तेव्हा त्याचं अक्षर ओळखायला मला वेळ लागला. कुणी गेलं की काय, हा पहिला विचार. दुसरा त्याहून वाईट होता: तोंडानं बोलता येणार नाही असं काहीतरी यात आहे.

मजकूर मोजका होता. बागेची नवी भिंत आपल्या गल्लीत यायला दोन वर्षं लागतील. घाई काही नाही. पण तुम्ही आमच्याकडे राहायला यावं असं आम्हा दोघांना वाटतं. मागची खोली रिकामी आहे. कधी येता ते कळवा. एवढंच. खाली सही, तीही पूर्ण नावाची. बहुधा कार्यालयातली सवय.

बाग असं आम्ही अजून म्हणतो. तिथं आता फुलं शोधावी लागतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथं एक आकाशपाळणा होता, लहान मुलांची आगगाडी होती आणि होड्यांचं तळं होतं. मी तेव्हा वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक लिहीत असे. बागेचे व्यवस्थापक पुस्तकं बदलायला येत. माझं अक्षर बघून म्हणाले, आमच्या पाट्या लिहून द्या, थोड्या दिवसांचं काम आहे. ते थोडे दिवस निवृत्त होईपर्यंत चालले. लोक मला पाटीमास्तर म्हणू लागले. 'पाण्यात हात घालू नये.' 'पाळणा पूर्ण थांबल्याशिवाय उठू नये.' माझं समग्र वाङ्मय म्हणतात ते एवढंच. जन्मभर इतकी पुस्तकं वाचून एक धड परिच्छेद लिहायची हिंमत झाली नाही, पण ही वाक्यं मात्र हजारो लोकांनी उभ्यानं वाचली, तीही नाइलाजानं.

माझ्या हातून आयुष्यात कल्पना अशी एकच निघाली, आणि तीही मी कुठंतरी वाचलेली असू शकेल. गर्दी वाढू लागली होती. आकाशपाळण्याच्या रांगेत भांडणं होत. व्यवस्थापक म्हणाले, किती वेळ लागेल त्याची पाटी लावा, म्हणजे लोक डोकं खाणार नाहीत. मी बाजूला उभा राहून बघितलं. एका ठरावीक खांबापासून पाळण्यात बसेपर्यंत पाऊण तासाच्या आतबाहेर लागे. मी लिहिलं, 'इथून पुढे एक तास'. यात शहाणपण काही नव्हतं, भीती होती. उशीर झाला तर लोक पाटीला नाही, पाटी लिहिणाऱ्याला बोलतील असं मला वाटलं. पण झालं भलतंच. तासाची तयारी ठेवून उभी राहिलेली माणसं पाऊण तासात पुढं पोचली की अशी खुलत, जणू कुणी त्यांच्या खिशात काहीतरी घातलंय. व्यवस्थापकांनी माझी पाठ थोपटली. तिथून पुढं साऱ्या बागेत रिवाजच पडला: खरं असेल त्यात थोडं घालायचं आणि मग लिहायचं.

तीच सवय मी घरी आणली. आणली म्हणण्यापेक्षा ती माझ्याबरोबर चालत आली. सकाळी निघताना सांगायचं, आठला येईन, आणि सातला यायचं. बायको हसायची. आल्यागेल्याला सांगायची, "यांच्या आठाचे सात धरायचे, यांच्याकडे तास जास्तीचा मिळतो." मी गल्लीच्या तोंडाशी आलो की मुलगा खिडकीत दिसायचा, गजाला कपाळ लावून बसलेला. इतर मुलांसारखा धावत दाराशी येत नसे. नुसता बघायचा. कपाळावर गजाचा उभा वळ. मुलगा शांत स्वभावाचा आहे असं आम्ही दोघं म्हणत असू, आणि मला मनातून वाटायचं, अचानक आलेला आनंद लहान मुलाला असाच स्तब्ध करत असणार.

तर असा माणूस मी. मग ते पत्र मी कसं वाचणार? बागेतला माणूस पाटी वाचतो तसंच. दोन वर्षं म्हणजे एक, कदाचित सहा महिनेच. घाई काही नाही, हे तर रांगेवरचे लोक दोरी सोडायच्या आधी म्हणतात; 'सावकाश, सावकाश' म्हणत म्हणत पन्नास माणसं पुढं ढकलली जातात आणि एकालाही हात लागत नाही. मुलगा आता बागेतच, त्याच रांगांच्या कामावर मोठा झालाय. कुठली राइड तासाला किती माणसं बसवून उतरवते, उरलेल्यांना कुठं उभं करायचं, रांग कुठं वळवायची, वळणावर काय दाखवायचं म्हणजे त्यांना उभं राहिल्याचं कळणार नाही, हे सगळं तो ठरवतो. आपण हलवले जातोय हे माणसाला कळू न देता हलवणं हाच त्याचा धंदा. आणि आता मला हलवायचं होतं. खोली रिकामी आहे. कुठली रिकामी? मला तर ते उलटं ऐकू येत होतं: तुमची रिकामी करा.

गल्ली ओस पडत चालली होती. ज्यांनी बागेला घरं विकली त्यांच्या दारांवर कुणीतरी खडूनं गोल काढून ठेवले होते. माझ्या दारावर गोल नव्हता. हा दिलासा असायला हवा होता. मला त्यातही डाव दिसला. शेजारच्या शिंप्यानं जाताना मशीन टेम्पोत चढवत चढवत मला विचारलं होतं, "पाटीमास्तर, तुमचा नंबर कधी?" मी म्हटलं, बघू. तो हसला. म्हणाला, "तुम्हाला कसली चिंता? घरचाच माणूस आत बसलाय. तुम्हाला सगळ्यात शेवटी काढतील, आणि सगळ्यात गोड बोलून." गंमत म्हणून बोलला असेल. शिंपी स्वभावानं वाईट नव्हता. पण माप घेणारा माणूस बोलला की ते अंगाला नेमकं बसतं.

मागच्या बाजूला नव्या रोलर कोस्टरची चाचणी चालू होती. दिवसभर गाडी भिंतीपलीकडून जायची. कपाटातल्या कपबशा एकमेकींना लागून वाजायच्या. आत माणसं नसत, पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची धडं पट्ट्यांनी बांधलेली असत. त्यामुळे सगळा आवाज यायचा, चाकांचा, साखळीचा, वाऱ्याचा, फक्त किंचाळ्या नसायच्या. मी पुस्तक मिटून त्या किंचाळ्यांची वाट बघत बसायचो. सवयीचा आवाज नसला की माणसाला कान टवकारून बसावंच लागतं. आणि मग वाटायचं, हाही विचारपूर्वक केलेला त्रास असेल का? म्हातारा कंटाळून आपणहून निघेल?

मध्यंतरी सूनबाई येऊन गेल्या. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही. मी उत्तर दिलं नाही हे त्यांना माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हेही. त्या म्हणाल्या, मागच्या खोलीत आता ऊन येतं, समोरचं झाड तोडलं त्यांनी. सुतारानं पुस्तकांची कपाटं केलीत. मी विचारलं, मापं कुठून घेतली? त्या म्हणाल्या, यांनीच दिली. वितीनं मोजून नेली होती म्हणे. मी मान डोलावली आणि त्या गेल्यावर माझ्या कपाटांसमोर जाऊन उभा राहिलो. केव्हा मोजली? मी चहा करायला आत गेलो असेन तेव्हा? या खोलीत, माझ्या पाठीमागं, तो विती टाकत फिरला होता. घरातली एकेक वस्तू मोजून झाली आहे आणि फक्त माझं माप बाकी आहे.

म्हणून मी बागेत गेलो. सुट्टीच्या दिवशी, ऐन गर्दीत, कुणाला न कळवता, साधं तिकीट काढून. मुलानं दिलेला पास खिशात होता, पण पास दाखवला की नाव समजतं. आत शिरल्या शिरल्या दालनात काचेखाली नव्या बागेचा नमुना मांडला होता. लोक त्याभोवती गर्दी करून आपापल्या मुलांना बोटानं दाखवत होते. रंगीत रूळ, निळं पाणी, कापसाची झाडं. मी काचेवर वाकून आमची गल्ली शोधली. ती नव्हतीच. तिच्या जागी नव्या राइडची रांग होती, बारीक पांढऱ्या रेघांनी आखलेली, घडीवर घडी घातलेली. पण एका ठिकाणी ती रांग सरळ जात नव्हती. एका छोट्या ठोकळ्याला वळसा घालून पुढं जात होती. ठोकळा साध्या लाकडाचा, रंग न दिलेला. बाकी सगळ्याला रंग होता. मी अंदाज केला: संडास. नाहीतर पंप. माझ्या घराच्या जागी निदान लोकांच्या उपयोगाचं काही होतंय, अशी स्वतःची कडू समजूत घालून तिथून निघालो.

आकाशपाळणा अजून तोच आहे. माझ्या वेळचं एवढं एकच उरलंय. रांगेच्या तोंडाशी माझ्या पाटीच्या जागी दिव्यांची पाटी होती. शब्द मात्र माझेच. 'इथून पुढे एक तास'. मला बरं वाटलं, थोडी लाजही वाटली. मनातल्या मनात वजाबाकी केली, पाऊण तास, गुडघे तेवढं सोसतील, आणि आत शिरलो. या नागमोडी रांगेची एक गोष्ट मी विसरलो होतो: तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा समोरून जातात. खांद्यावर मुलगी झोपलेला एक बाप होता. प्रत्येक वळणावर आम्ही एकमेकांना ओलांडायचो. पहिल्यांदा तो हसला, मग मी हसलो, मग आम्ही दोघंही दुसरीकडे बघू लागलो. पुढंपुढं मला संशय येऊ लागला की हा बाप पगारावर ठेवलेला असावा. मुलगी इतका वेळ कशी झोपते? लोखंडी कठड्याला इतक्या हातांची ऊब होती की तो जिवंत वाटत होता. मागच्या बाईनं नवऱ्याला विचारलं, अजून किती, आणि तो म्हणाला, पाटीवर लिहिलंय ना. इतक्या भोळेपणानं म्हणाला की मला हसू आलं. पाऊण तास झाला. आता पोचायला हवं होतं. पुढं आणखी वळणं होती. मी घड्याळ पुन्हा बघितलं. त्या बक्षिसाची, खिशात अलगद पडणाऱ्या त्या मोकळ्या वेळाची मी वाट बघत राहिलो, आणि ते आलंच नाही. पाळण्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तास पुरता भरला होता.

फाटकावर गणवेशातली एक मुलगी होती. मी तिला म्हटलं, तुमची पाटी चुकलीय. तिनं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, नाही आजोबा, तासच लिहिलंय, तासच झाला. मी म्हटलं, तेच तर. ती गोंधळली. मी समजवायला गेलो की तासाची पाटी असेल तर कमी लागायला हवं, असा नियम आहे. आणि बोलता बोलता आपण काय बोलतोय हे मलाच कळेना. पायाखालची फरशी रांगेसारखी वळली. तिनं मला हाताला धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "आता खरंच लिहितो आम्ही. साहेबांनी बदललं ते." मग यंत्रात तोंड घालून कुणाला तरी सांगितलं की एका आजोबांना बरं वाटत नाहीये.

मुलगा लांबून येताना दिसला. गर्दीतून तो कुणाला धक्का न लावता येत होता, गर्दीही नकळत बाजूला होत होती. मला बघून तो थांबला नाही, दचकला नाही. जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावला, म्हणाला, "बसायचं का पाळण्यात? एवढे उभे राहिलात." मुलीनं पाळण्याचा डबा उघडला. आम्ही समोरासमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लागत होता. त्याचे केस कानांवर पांढरे झालेत हे मी पहिल्यांदा बघितलं. डबा थोडा वर जाई आणि थांबे, खाली माणसं चढत-उतरत होती. पत्र मिळालं का एवढंच त्यानं विचारलं. मी मिळालं म्हटलं. त्यानं पुढं विचारलं नाही. हा त्याचा स्वभाव की धंदा, हे मला कधीच ठरवता आलेलं नाही.

वर पोचल्यावर आमची गल्ली दिसली. घरांची छपरं उतरवलेली होती. एकच छप्पर शाबूत होतं. मी त्याला काचेखालच्या ठोकळ्याचं विचारलं.

"तो संडास का रे?"

"ते आपलं घर आहे, बाबा. मी रांग वळवून घेतली."

"किती दिवस?"

"तुम्ही असेपर्यंत."

त्याच्या तोंडून ते अगदी सहज निघालं. तुम्ही असेपर्यंत. त्या कार्यालयात हा शब्द चालणार नाही. तिथं प्रत्येक गोष्टीला आकडा लागतो. कुणीतरी कागदावर काहीतरी धरलं असणार.

"म्हणजे किती धरलंय तुम्ही लोकांनी?" मी विचारलं.

डबा वाऱ्यानं थोडा हलला.

"त्या जागेला पाटी नाही," तो म्हणाला. "काही धरलेलं नाही."

मी पाट्यांचं विचारलं. त्यानं कामाचं बोलतात तसं सांगितलं. लोक वर्षाचे पास काढून येऊ लागले, पुन्हा पुन्हा येऊ लागले, आणि त्यांना पाट्यांची खोड कळली. तास लिहिलं की ते पाऊण धरत, दीड लिहिलं की तास. मग पाटी वाचून मागं फिरणारं कुणी उरलंच नाही. नव्या राइड आणल्या, खुर्च्या वाढवल्या, तरी गर्दी त्याच्या पुढंच. बाग वाढवून काय होणार, लोकांचा पाटीवर विश्वास नसेल तर, असं त्यानं बैठकीत सांगितलं म्हणे. मी ऐकत होतो आणि माझ्या एकुलत्या एका कल्पनेवरून कुणीतरी हळूच पांढऱ्या रंगाचा हात फिरवत असल्यासारखं वाटत होतं. मग डबा उतरणीला लागला आणि तो वेगळ्याच आवाजात बोलला.

"तुम्ही आठ म्हणायचात ना. आई म्हणायची, सात धर. मी सहा धरायचो."

"का?"

"चुकून आणखी लवकर आलात तर." तो हसल्यासारखं करत होता. "सहापासून खिडकीत बसायचो. तुम्ही सातला आलात की मला वाटायचं, उशीर केलात. रोज."

खाली मुलीनं फाटक उघडलं. पाळणा पूर्ण थांबेपर्यंत आम्ही दोघंही उठलो नाही.

घरी आल्यावर मी शब्दकोशातून पत्र काढलं. पाळण्यातलं ते बोलणंही त्यानं तयार करून ठेवलं नसेल कशावरून, हा विचार बसमध्येच येऊन गेला होता. खिडकीचं, सहाचं, सगळं. लोकांना वळणावर काय दाखवायचं हे त्याला कळतं. मग कपाळावरचा तो वळ आठवला. सातला येऊन बघितलेला वळ. इतका खोल वळ क्षणात उमटत नाही. हे माझ्या लक्षात यायला त्याचे केस पिकावे लागले. मी पत्र पुन्हा वाचलं, यावेळी काही न वजा करता. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. घाई नाही म्हणजे घाई नाही. खोली रिकामी आहे म्हणजे खोली रिकामी आहे, आणि तिच्यात माझ्या पुस्तकांच्या मापाची कपाटं आहेत, जी त्यानं वितीनं मोजली, कारण विचारलं असतं तर मी 'बघू' म्हटलं असतं. फोनवरही मी 'बघू'च म्हणतो. म्हणूनच लिहिलं असेल. माझ्यासारख्याशी बोलायचं तर पाटीच लावावी लागते.

उत्तर लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं: महिनाअखेरीला जमेल असं वाटतं. मनात होतं याच रविवारी जायचं. दार उघडून दोघंही चकित होतील, एवढंच. शाई वाळायच्या आत मला त्यात माझा पाटीचा जुना हात दिसला. कागद फाडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं, रविवारी सकाळी दहाला येतो, पुस्तकांची पहिली खोकी घेऊन येतो. मी इथून निघालो की तो ठोकळा काचेखालून उचलायला कुणाला कितीसा वेळ लागणार, हेही सुचलंच. सुचू दे म्हटलं. घडी घातली, पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, पूर्ण.

टपालपेटी गल्लीच्या तोंडाशी आहे. भिंतीपलीकडून गाडी गेली. आज पहिल्यांदाच आत माणसं असावीत, कारण किंचाळ्या आल्या. पेटीवर टपाल काढायची वेळ लिहिलेली होती. मी ती वाचली आणि सवयीनं त्यातून काहीतरी वजा करायला लागलो, पाकीट अर्धं आत सरकवलेलं, आणि तसाच थांबलो. दहा वाचल्यावर तो आठलाच खिडकीत बसेल. बसेल का? या वयात? पाकीट मागं घेतलं. अजून चिकटवलं नव्हतं. पेटीच्या डोक्यावर कागद पसरून, एका हातानं दाबून धरून, खाली आणखी दोन ओळी लिहिल्या, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात, पाटीवर लिहायचो तशा. दहा म्हणजे दहा. आधीपासून खिडकीत बसू नकोस.

मग पाकीट चिकटवलं आणि आत टाकलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला.